एकोणीस बाण

आप्पांनी अकरा वर्षांपूर्वी केलेलं प्रेझेंटेशन लेकीने उघडलं आणि कपाळाला हात लावला. जुन्या पंपघराचं चित्र जागेवर होतं. पण एकेका क्लिकला एकेक यायचे ते एकोणीस लाल बाण नव्या सॉफ्टवेअरने एकदमच आणून टाकले होते. कोणता व्हॉल्व्ह आधी फिरवायचा, कोणता मग, काही पत्ता नाही.

लेक त्याच पंपघरात ऑपरेटर. उद्यापासून चार दिवस नवी लाइन दुरुस्तीला बंद, पाणी जुन्या लाइनने द्यायचं. ती चालवणारं आता आप्पांशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि आप्पांची वाचा आणि उजवा हात गेल्या वर्षी पक्षाघाताने नेला होता. क्रम चुकला तर पाण्याच्या दणक्याने जुना पाइप फुटणार. साहेबांनी निक्षून सांगितलं होतं की दुपारी दोनपर्यंत खात्रीचा क्रम द्या, नाहीतर अर्ध्या शहराचे नळ कोरडे राहतील.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने नाक मुरडलं. हालचाल गेली ती गेली, नवीन बनवून घ्या, म्हणाला. जणू आप्पांच्या डोक्यातलं दुकानात मिळतं! लेकीने त्याला वाटेला लावलं आणि खुर्ची पुढे ओढली. हट्टात ती बापाच्या वरताण होती.

दोन बाण एकमेकांवर चढले होते तिथे तिची नजर अडकली. नंतर काढलेला वर येतो! आप्पा एका बोटाने बाण काढायचे, मगच पुढच्याला हात घालायचे. म्हणजे पहिला सगळ्यांत खाली. तिने बाणांच्या थरांची यादी उघडली आणि सगळ्यांत वरचा बाण उचलून वेगळ्या पानावर ठेवला, एकोणीस. त्याखालचा अठरा. चहा निवला, डोळे चुरचुरले, पण एकपर्यंत पोचल्याशिवाय ती उठली नाही.

लॅपटॉप घेऊन ती आप्पांच्या खाटेपाशी गेली. पहिलं पान पाहताच आप्पांनी डावा हात गादीवर आपटला. एकेक पान पुढे नेत ती शेवटच्या पानावर आली, हवा सोडायच्या छोट्या व्हॉल्व्हवर. आप्पांनी त्यावर बोट टेकवलं, मग तेच बोट वर केलं. एक!

लेकीला हसू फुटलं. रोज सवयीने आधी करायचं त्याचाच बाण आप्पा काढायला विसरले होते आणि आठवल्यावर शेवटी चिकटवलं होतं. बाकीच्या अठरांना त्यांनी नीट पाहून मान डोलावली.

दोन वाजता तिने आप्पांना चाकाच्या खुर्चीतून पंपघरात आणलं. शिकवणार कोण, साहेबांनी विचारलं. तिने कीबोर्ड आप्पांच्या डाव्या हाताखाली सरकवला.

सहाव्या पानावर एका नव्या ऑपरेटरने विचारलं, "सहा आणि सात एकदम फिरवले तर चालेल?"

आप्पांनी बटणावरून हात उचलला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. सेकंदाचा काटा पूर्ण फिरून आला, तेव्हा त्यांनी सातवं पान आणलं.

हे फाइलमध्ये कुठेच नव्हतं. साहेबांनी वहीत लिहिलं, सहानंतर एक मिनिट. मग खुर्ची आप्पांच्या जवळ ओढली.

"आप्पा, आणखी कुठे थांबायचं?"