हजेरीतलं एकोणिसावं नाव

डेल्मा शिक्षिका होणार की नाही, हे तपासणीच्या कागदावरच्या सहाव्या रकान्यात अडकलं होतं. 'प्रत्येक मुलाला नावाने हाक मारते.' त्या रकान्यात शून्य पडलं की बाकी सगळं सोनं असलं तरी सराव-पाठ नापास. मागच्या वेळी तिला शून्यच मिळालं होतं. गुरुवारची तपासणी शेवटची. पुन्हा तेच झालं तर डोंगरातल्या हागेन शहराजवळच्या मिशनच्या विद्यापीठातलं तिचं शिक्षण तिसऱ्या वर्षाला संपणार आणि चर्चने दिलेली जागा दुसऱ्या कुणाला जाणार.

वर्गातल्या चाळीस मुलांची नावं तिला पाठ होती. एकोणिसावं तेवढं तोंडातून काढता येत नव्हतं. त्या मुलाचं नाव वाम्प, आणि तेच तिच्या सासऱ्याचं. सून सासऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर म्हाताऱ्याची भर बाजारात मान खाली. आणि हाच म्हातारा गावी तिची लेक सांभाळत होता, रोज खांद्यावर बसवून नदीपलीकडच्या शाळेत नेत होता.

विद्यापीठाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तिथली निम्मी माणसं याच डोंगरातली. पण कागद परदेशातून उचललेला, आणि उचललेल्या कागदाला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

"हळूच पुटपुट गं," तिच्याच खोलीत राहणारी रूफिना म्हणाली. "म्हातारा काय खिडकीला कान लावून बसलाय?"

"चाळीस पोरं आहेत. संध्याकाळच्या आत रताळ्यांबरोबर बाजारात पोचेल ते."

म्हणून ती 'तू, खिडकीजवळचा' म्हणायची. नाहीतर त्याला विचारायचंच टाळायची. बुधवारी तिने निबंधाच्या वह्या तपासायला घेतल्या. त्या पोराने लिहिलं होतं, 'टीचर सगळ्यांना ओळखते. मला ओळखत नाही.'

डेल्माने वही मिटली. कागद मूर्ख होता, पण ही चूक कागदाची नव्हती.

मधल्या सुट्टीत ती भाजलेलं रताळं घेऊन त्याच्या शेजारी गवतात बसली. "तुझं नाव माझ्या सासऱ्याचं आहे. म्हणून मी घेत नाही. विसरले नाही."

पोरगं तिच्याकडे वळलं. मग म्हणालं, "म्हणजे मी तुमचा सासरा?"

"तसंच समज."

"मग तुमच्या हातातलं ते रताळं मला द्या."

तिने मुकाट्याने दिलं. सासरा म्हटल्यावर द्यावंच लागतं.

गुरुवारी तपासणीला आलेल्या हेनी मॅडम मागच्या बाकावर कागद घेऊन बसल्या. त्या समुद्रकाठच्या, शिस्तीच्या. 'चांगला मेंढपाळ मेंढरांना नावानं ओळखतो' हे त्यांचं लाडकं वाक्य. डेल्माने भागाकार शिकवला, एकेकाला हाक मारली. मग खिडकीकडे वळून म्हणाली, "मामंजी, फळ्याकडे या."

वर्ग खिदळला. पोरगं ऐटीत उठलं आणि गणित सोडवून आलं. मग न विचारता दोनदा हात वर केला.

तास संपला. मॅडमनी कागद पुढे केला. सहाव्या रकान्यात शून्य.

"सही कर."

"नाही करणार, मॅडम."

"हजेरीत मामंजी नावाचा मुलगा नाही, डेल्मा."

"मेंढरं तुम्ही तरी कुठं पाहिलीत? आम्ही डुकरं पाळतो. त्यांनाही नाव असतं, आणि ज्या हाकेला डुक्कर येतं ते त्याचं नाव. सात आठवडे हा पोरगा फळ्याकडे आला नव्हता. आज आला. त्याला विचारा. मग शून्य ठेवायचं तर ठेवा, मी कागद घेऊन कुलगुरूंच्या दारात बसते."

मॅडमनी पोराला बोलावलं. "तुझं नाव काय?"

"वाम्प. तुम्ही म्हणू शकता," तो म्हणाला. "टीचरना म्हणता येत नाही. त्यांच्यासाठी मी मामंजी."

"वाईट वाटत नाही?"

"मला रताळं मिळतं."

मॅडमनी पेनचं टोपण काढलं. मग शून्यावर काट मारून शेजारी तीन लिहिलं. पाचपैकी तीन.

"पास झालीस. आता तरी सही कर."

डेल्माने पेन घेतलं, पण कागदावर टेकवलं नाही.

"उरलेले दोन कशाचे कापले, मॅडम?"