दानिएलचा दगड

"रूथ, उद्या प्रभुभोजन हाये. त्याच्या आधी मले तुले एक सांगून टाकायचं हाये."

शमुवेल भाऊजी कबरस्थानाच्या फाटकाला टेकून उभे होते. रूथबाईंनी मान वर केली नाही. ईस्टरच्या आदल्या दिवशी मलकापूरच्या ख्रिस्ती वस्तीतलं प्रत्येक घर आपापल्या कबरींना सफेदी देतं. रूथबाईंच्या वाट्याला दोन होत्या. दुसऱ्या नवऱ्याची, अविनाश मास्तरांची, झाली होती. आता चुन्याची बादली दानिएलच्या दगडापाशी आली होती.

या दगडाखाली कोणी नव्हतं. रूथबाईंचा पहिला नवरा दानिएल एकाहत्तरच्या लढाईत गेला, त्याचा देहसुद्धा घरी आला नाही. म्हणून थोरल्या भावाने, म्हणजे याच शमुवेल भाऊजींनी, त्याच्या नावाचा दगड बसवला. इतक्या वर्षांत रूथबाईंनी त्या नावावर चुन्याचा थेंब पडू दिला नव्हता.

"माफीच मागत असान तर दिली," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसाले काय ताटकळत ठेवू?"

प्रभुभोजनाचा प्याला घ्यायच्या आधी ज्याच्याशी बिनसलं असेल त्याच्याशी मिटवायचं, ही चर्चच्या मंडळीची रीत. भाऊजी तर मंडळीचे वडील, म्हणजे कारभाऱ्यांतले एक, ते दरवर्षी न चुकता यायचे. मागच्या वर्षी प्रकरण कोंबडीचं होतं.

"दानिएल गेला," भाऊजी म्हणाले. "मागच्या महिन्यात. भुसावळले."

रूथबाईंना हसूच आलं. "भाऊजी, उन्हात नका उभे राहू बरं."

"थो लढाईत मेला नव्हता, रूथ. कैदेत होता. सुटून आल्ता."

कुंचला बादलीतच राहिला.

मग भाऊजींनी सगळं सांगितलं. दानिएल फौजेत भरती झाला तेव्हा त्याचं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे कागदावर घरचा माणूस म्हणून थोरल्या भावाचं नाव. खबर यायची ती त्यांच्याच हाती. 'बेपत्ता' अशी आली, ती त्यांनी 'गेला' म्हणून सांगितली. तरणी बाई, कडेवर तान्ही संजीवनी, किती दिवस तिला दाराकडे बघत बसवायचं? वर्ष होत आलं तसं त्यांनीच मिशनच्या शाळेतल्या अविनाश मास्तरांशी जुळवलं. मंडळीत पुकार सुरू झाली. तीन रविवार दोघांची नावं वाचायची, आणि कोणाची हरकत असेल तर त्याने उभं राहून सांगायचं. दोन रविवार झाले आणि दानिएल मलकापूरच्या फलाटावर उतरला. सुटल्याची खबरही भाऊजींनाच आलेली, म्हणून घ्यायला ते एकटेच गेले होते. दानिएलचा एक पाय गुडघ्यापासून गेला होता.

"म्या त्याले सांगतलं, आता आला तर तिची शोभा होईन, माही बी होईन. तिसऱ्या रविवारी थो चर्चच्या फाटकापाशी उभा होता. पोरीले दुरून पाह्यलं त्यानं. म्हने, मास्तर चांगला माणूस हाये, माह्यापाशी तं पाय बी नाही. अन् गेला."

"पाळकांनी इचारलं होतं," रूथबाई सावकाश म्हणाल्या. "कोनाची हरकत हाये का. तुमी पहिल्या बाकावर होते."

"हाव."

"थो फाटकात होता. अन् मी मधात बसून होती. मले काऊन नाही इचारलं कोनं?"

"तुह्या भल्यासाठीच..."

भलं! दोन भावांनी फलाटावर उभ्या उभ्या एका बाईचं भलं ठरवून टाकलं, आणि ती बाई जन्मभर रिकाम्या जमिनीपुढे मेणबत्त्या लावत राहिली. बिचारे मास्तरही फसले होते. त्यांनी तिला शेवटपर्यंत जपलं. भाऊजींचा राग यायला हवा होता, तो आलाच. पण त्याहून जास्त राग आला दानिएलचा. भुसावळ म्हणजे काय परदेश होता? संजीवनीच्या लग्नाच्या साड्या तिथूनच आणल्या होत्या.

"माफ कर मले. नाही तं उद्या प्याला कसा घेऊ?"

म्हणजे सांगायचं होतं ते एवढ्यासाठी. रूथबाई गुडघ्यांवर हात देत उठल्या आणि ओला कुंचला त्यांनी भाऊजींच्या हातात दिला.

"हा दगड तुमचा हाये. तुमीच पांढरा करा." चार पावलं जाऊन त्या थांबल्या. "मी लंगड्यासंग बी नांदली असती, भाऊजी."

घरी जाऊन त्यांनी ईस्टरसाठी माहेरी आलेल्या संजीवनीला समोर बसवलं आणि तिच्या बापाचं सगळं सांगितलं.

ईस्टरच्या पहाटे मंडळी गाणी म्हणत कबरस्थानात आली. रूथबाईंनी मास्तरांच्या कबरीवर मेणबत्ती लावली. दानिएलचा दगडही पांढरा झाला होता. भाऊजींनी नावासकट सगळं लिंपून टाकलं होतं. पदराने अक्षरं पुसायला रूथबाईंचा हात पुढे गेला, आणि त्यांनी तो मागे घेतला. कुंचला तिथेच टाकलेला होता, तेवढा त्यांनी उचलला.

चर्चची घंटा झाली. भाऊजी पायरीवर उभे राहून त्यांच्याकडेच बघत होते. रूथबाई संजीवनीचा हात धरून त्यांच्यासमोरून सरळ स्टेशनकडे निघाल्या.

गाडी सुटल्यावर संजीवनीने विचारलं, "आई, कबर ओळखू येईन का आपल्याले?"

"इचारू ना. कोनाले तरी इचारू."

मांडीवरच्या पिशवीत दुसरी मेणबत्ती होती, चुन्याची पुडी होती. कुंचल्याचा दांडा पिशवीबाहेर आला होता. भुसावळ येईपर्यंत रूथबाई तो धरून बसल्या.