आवळ शिवलेली बाही

मित्रांनो, मी एक जुनं शिलाई मशीन आहे आणि स्वभावानं हेवेखोर आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून मला घडवलं, काळं रंगवलं, अंगावर सोनेरी वेल काढली आणि लाकडी खोक्यातून बेळगावला पाठवलं. तिथं खासबाग भागातल्या एका गल्लीत राहणाऱ्या नागुबाईंनी मला पसंत केलं. त्या गल्लीत तेव्हा दिवसभर विणकरांच्या मागांची खटखट चालायची. त्या खटखटीत माझाही आवाज मिसळून गेला. झबली, परकर, शाळेचे गणवेश, लग्नाचे ब्लाऊज, काय काय शिवलं मी! कुणी मराठी बोलणारी यायची, कुणी कानडी. ब्लाऊज अंगात नीट बसला की दोघी सारख्याच हसायच्या. "नागुबाई, मशीन लई गुणाचं हाय तुमचं," असं म्हणायच्या. मी मोठ्या सुखात होतं.

पुढं नागुबाईंची नजर अधू झाली. दोरा ओवता येईना. तेव्हा त्यांची सून तेजस्वी माझ्यासमोर येऊन बसली. ती निपाणीकडच्या एका खेड्यातली, मराठी घेऊन बी. ए. झालेली. हात इतका हलका की चाकाला कळायचंही नाही. वेळच्या वेळी तेल घालायची, धागे झटकायची. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली.

पण तिला एक नाद होता. दुपारी काम आटोपलं की ती माझं डोकं टेबलाच्या पोटात दुमडायची, वर फळी टाकायची आणि त्या फळीवर कागद ठेवून गोष्टी लिहायची. मी खाली अंधारात आणि कागद वर उजेडात! माझ्या डोक्यावर तिचं पेन खसखस चालायचं. मधेच थांबायचं, मग ती स्वतःशीच हसायची. शिवताना ती कधी अशी हसली नव्हती. मित्रांनो, लोखंडालाही जळता येतं, हे मला तेव्हा कळलं.

तिच्या गोष्टींत बर्फात लढणारे जवान असायचे, मोठ्या बंगल्यात राहणारे उद्योगपती असायचे. लिहून झालं की ती नागुबाईंना वाचून दाखवायची. सासूला ती आत्ती म्हणायची. "आत्ती, ऐका हं," म्हणून सुरुवात व्हायची, आणि जवान डोंगर चढायच्या आतच आत्ती घोरायला लागायच्या. दिवाळी अंकांकडं पाठवलेल्या गोष्टी कधी परत यायच्या, कधी त्यांचं काहीच कळायचं नाही. तेजस्वी परत आलेले कागद माझ्या खणात तळाशी सरकवायची. मला मात्र आतून बरं वाटायचं. आता हा नाद सुटेल, असं मी मनात म्हणायचं.

तो सुटला नाही. शहरात नव्या लेखकांसाठी शिबिर भरलं, तिथं ती जाऊन आली आणि एक मैत्रीण घेऊन आली. तिचं नाव अदिती. शहराच्या कॅम्प भागातल्या एका शाळेत ती शिक्षिका होती. दोघी एकमेकींना गोष्टी वाचून दाखवू लागल्या. "हे वाक्य नको," "इथं ती रडणार नाही, चिडेल," असं तासन्‌तास चालायचं. आता मला कागदांचाही हेवा आणि अदितीचाही.

एका दुपारी अदिती धावतच आली. एका हातात दिवाळी अंक, दुसऱ्या हातात रेशमी कापड.

"तेजस्वी, माझी गोष्ट छापून आली! आणि कडोली गावच्या साहित्य संमेलनात वाचायला बोलावलंय. त्या दिवशी घालायला ब्लाऊज हवाय. तूच शिवायचास."

"शिवते की," तेजस्वी म्हणाली. ती हसली, पण माझं चाक तिनं घट्ट धरून ठेवलं होतं.

अदिती गेल्यावर तेजस्वीनं ती गोष्ट वाचली. एकदा वाचली, पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग अंक पालथा घातला आणि भिंतीकडं बघत बसली. त्या दिवशी मला दुमडलं नाही, फळी टाकली नाही, कागद काढला नाही. पुढचे कितीतरी दिवस तिनं पेनाला हात लावला नाही. माझी इच्छा पुरी झाली होती. पण तिचे पाय पायडलवर असे आपटायचे की माझा पट्टा सारखा निसटायचा. दोरा तुटायचा, सुई वाकायची. मला हवी होती ती तेजस्वी ही नव्हती.

शेवटी तिनं ते रेशमी कापड बेतलं. गळा सुंदर झाला, पाठ सुंदर झाली. मग बाही माझ्या सुईखाली आली. मापाची खूण खडूनं स्वच्छ केलेली होती. तिनं त्या खुणेच्या आतून टाका घातला. चांगला बोटभर आतून. मी थबकलं, पण मशीन बिचारं काय करणार? पाय तिचे होते. दोन्ही बाह्या तिनं तशाच शिवल्या.

तयार कपडा नागुबाई नेहमी बोटांनी चाचपून बघायच्या. डोळे अधू झाले तरी बोटं शाबूत होती. बाहीवर त्यांची बोटं थांबली.

"ह्यो दंड आवळ झालाय गं. माप चुकलं व्हय?"

"न्हाय आत्ती. माप बरोबर हाय. मीच आवळला."

"का गं?"

तेजस्वीनं माझ्यावरचे धागे झटकले. मग एकदम म्हणाली, "तिची गोष्ट लई चांगली हाय, आत्ती. वाईट असती तर मी ब्लाऊज नीट शिवला असता."

नागुबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. शिवताना आतल्या बाजूला जास्तीचं कापड राखतात, त्याला आमच्यात माया म्हणतात. ती असली तर आवळ कपडा पुन्हा सैल करता येतो. त्यांनी बाही उलटी केली.

"माया सोडलीयास, का कापून टाकलीस?"

"सोडलीया."

"मग उसव. आणि आत्ता मला जे बोललीस न्हवं, ते लिही. त्या बर्फातल्या शिपायाचं मला काय बी कळत न्हाय."

तेजस्वीनं बाह्या उसवल्या, मापावर पुन्हा शिवल्या. तो ब्लाऊज घालून अदिती कडोलीला गेली. सासूसुनाही गेल्या. "लोकांनी टाळ्या लई वाजवल्या," असं नागुबाईंनी शेजारणीला सांगितलेलं मी ऐकलं. "आमच्या तेजूनं बी वाजवल्या. जरा उशिरा वाजवल्या, पण वाजवल्या."

त्यानंतर तेजस्वी पुन्हा लिहायला बसली. या वेळी गोष्ट सरळ येईना. आधी तिनं आपल्या गावापासून सुरुवात केली, ती पानं फाडली. मग गोष्टीतल्या शिंपिणीला खलनायिका केलं, ती पानंही फाडली. एक दिवस तिनं सगळं टाकून फक्त बाहीपासून सुरुवात केली आणि पेन पळायला लागलं. नागुबाईंना वाचून दाखवलं तेव्हा त्या जाग्या राहिल्या. गोष्टीतली शिंपीण बाही उसवणार की नाही, हे ठाऊक असूनसुद्धा त्यांनी विचारलं, "पुढं काय झालं?"

मग अदिती आली. तेजस्वीनं कागद तिच्या हातात दिले. अदिती उभ्यानंच वाचत होती. वाचता वाचता ती स्टुलावर बसली.

"ही मी आहे ना?"

"व्हय."

"खरंच आवळली होतीस?"

"आवळली होती. मग उसवली."

"मला सांगितलंच नसतंस तर कळलंही नसतं."

"मग लिहिता आलं नसतं."

अदितीनं कागद जुळवून पालथे ठेवले. तिचा चेहरा मी ओळखला. अंक पालथा घालताना तेजस्वीचा असाच झाला होता.

"मला असं लिहिता येत नाही, तेजस्वी," ती म्हणाली. "आज मी घरी जाते. माझ्याच्यानं आज तुला चांगलं म्हणवत नाही."

चपला घालून ती गल्लीत उतरली. तेजस्वी दाराकडं बघत होती. थोड्या वेळानं अदिती परत आली आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "शेवटचं वाक्य काढ. गोष्ट त्याच्या आधीच संपते." आणि निघून गेली.

तेजस्वीनं शेवटचं वाक्य वाचलं. मग त्यावर एक आडवी रेघ मारली.

ती गोष्ट अजून कुठं छापून आलेली नाही. नवी सुरू झाली आहे. मी अजूनही दुपारी अंधारात दुमडून पडतं आणि पेनाची खसखस ऐकून जळतं. हेवा काही माझा सुटत नाही. तुमचाही सुटेल असं नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी जुनं असेल तर त्याला अधूनमधून तेल घाला. आणि मैत्रिणीचं काम आपल्यापेक्षा सरस झालं, तर तिला तसं सांगा. लगेच जमलं नाही तर गल्लीच्या टोकापर्यंत जा, पण परत या.