डाव्या कोपऱ्यातली गाठ

विमानतळाच्या काचेच्या दारातून बाहेर आलो, तेव्हा लेकीचं तोंड दिसायच्या आधी मला तिची पाठ दिसली. ती आम्हाला भलतीकडेच शोधत उभी होती. पाठीवर निळी, कुठल्याशा कारखान्यातली बॅग होती. मी शिवलेली नव्हती.

सात महिन्यांनी पोरगी दिसत होती. तिला पोटाशी धरायचं, थोडं रडायचं, हे मी विमानात बसून ठरवलं होतं. पोटाशी धरलं खरं, पण हात आपसूक त्या निळ्या बॅगेच्या पट्ट्यावर गेला. टाके नीट होते. सरळ, एकसारखे. त्यामुळे राग जास्तच आला.

मी बॅगा शिवते. सव्वीस वर्षं झाली. दहा बाय बाराचं दुकान, दोन मशिनं आणि कापड बेतायचं एक टेबल. शाळेची दप्तरं, फिरत्या विक्रेत्यांच्या बॅगा, वाजंत्र्यांच्या वाद्यांची कव्हरं, सगळं माझ्या हाताखालून गेलंय. लेक त्या टेबलाखालीच वाढली. एका जागी टिकायची नाही म्हणून तिला भिंगरी म्हणायला लागलो. "जरा बस, चार टाके शिकून घे," म्हटलं की उत्तर ठरलेलं. "मला नको तुझे ते टाकेबिके."

तेवढ्यानं मला काही वाटलं नसतं. पण कॉलेजच्या फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' या रकान्यात तिनं लिहिलं होतं, 'गृहिणी'. आणि तो फॉर्म द्यायला निघाली तेव्हा पाठीवर मी शिवलेली बॅग होती. मी काही बोलले नाही. बोलायचं राहिलं की ते माझ्या पोटात मुक्काम करतं, हा माझा स्वभाव.

पुढे तिनं दोन वर्षं नोकरी केली, पैसे साठवले आणि वर्गातल्या दोन मैत्रिणींबरोबर आठ महिन्यांच्या परदेशप्रवासाला निघाली. एक चष्मिस, दुसरी लंबू. शेवटचा महिना आम्ही दोघांनी येऊन त्यांना मिळायचं ठरलं. त्या दोघींनी दुकानातून भारीतल्या बॅगा आणल्या. भिंगरी म्हणाली, "आई, माझी तू शिव."

तीन आठवडे मी दुसरं काम घेतलं नाही. जाड राखी कॅनव्हास आणला. खांद्याचे पट्टे, कमरेचा पट्टा, पाठीला घाम येऊ नये म्हणून आतून जाळी. पट्टा जिथं बॅगेला जोडला जातो ती जागा मी मशिनवर सोडत नाही. मेण लावलेल्या दोऱ्यानं हातानं चौकट घालते, चौकटीत फुली मारते आणि गाठ घालते. आता ही गाठ. गाठ आतल्या बाजूला घालायची असते. मी पडले डावखुरी, शिकताना काम उलटं धरायची सवय लागली, म्हणून माझी गाठ बाहेर येते, डाव्या वरच्या कोपऱ्यात. माझे मास्तर डोक्याला हात लावायचे. "अगं, गाठ पोटात घालावी, पाठीवर मिरवू नये." ते गेले, चूक राहिली. आजवर माझा एक पट्टा तुटला नाही, म्हणून गिऱ्हाईक काही बोललं नाही इतकंच.

आणि आता ती बॅग गायब होती. एकच प्रश्न मला खात होता. बॅग तुटली, की पोरीला तिची लाज वाटली?

विचारलं का? नाही. मी विचारणाऱ्यातली नव्हे. बसमध्ये खिडकीशी बसले आणि तोंडाला कुलूप लावलं.

"अगं, विचार ना तिला," आमचे हे कुजबुजले. टपाल खात्यात जन्म गेला ह्यांचा. निरोप पोचवल्याशिवाय ह्यांना चैन पडत नाही.

"मला काय करायचंय? तिची पाठ, तिची बॅग."

"मग मी विचारतो."

"विचारून तर बघा."

ह्यांनी विचारलं नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात माणूस तेवढं शिकतो.

पुढचे नऊ दिवस आम्ही पाचजण गावोगाव फिरलो. राहायचं हॉस्टेलात. एका खोलीत सहा नाहीतर आठ पलंग, एकावर एक. खालचे दोन आम्हा म्हाताऱ्यांना, वर पोरी. स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून एक. फ्रिजमधल्या दुधाच्या बाटलीवर नावाची चिठ्ठी लावायची, नाहीतर सकाळी बाटली रिकामी. हे पहिल्याच दिवशी चुकून दुसऱ्याचं दूध चहात घालून बसले आणि त्या माणसाला नमस्कार करत करत माफी मागायला लागले. तोच शेवटी ओशाळला आणि ह्यांना बिस्किटं देऊन गेला.

आणि भिंगरी? रागात असले तरी मला डोळे आहेत. जी पोरगी घरात पाण्याचा पेला जागचा हलवत नव्हती, ती पाच माणसांची तिकिटं, जागा, जेवण एकटीनं बघत होती. नकाशा एकदा बघायची आणि चालू लागायची. एका गावात आमची बसच रद्द झाली. तिकिटाच्या खिडकीमागची बाई हात झटकून मोकळी झाली. भिंगरी चढ्या आवाजात एक शब्द बोलली नाही, पण खिडकीवरून हललीही नाही. अर्ध्या तासानं त्याच बाईनं आम्हाला दुसऱ्या बसमध्ये बसवून दिलं, वर हात हलवून निरोपही दिला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बाहेर बघितलं. अंगावर मूठभर मांस चढलं होतं, पण ते दाखवायची ती वेळ नव्हती.

प्रत्येक हॉस्टेलात शिरताना एक कागद भरायचा असे. नाव, वय, गाव, काम. तिकडची लिपी मला कुठली येणार! आमचे कागद भिंगरीच भरायची. भराभरा लिहायची आणि मी फक्त सही करायची. माझ्या कामाच्या रकान्यात काय जात असेल, ते मला वाचता येत नसूनही माहीत होतं. कॉलेजच्या फॉर्मवर वाचलं होतं ना.

दहाव्या दिवशी दुपारी आम्ही एका नव्या हॉस्टेलात पोचलो. खोलीत आमच्याशिवाय एकच पाहुणी होती, ओले केस पुसत बसलेली एक उंचनिंच परदेशी मुलगी. तिची भलीमोठी हिरवी बॅग माझ्या पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. मी पिशवी ठेवायला वाकले आणि वाकलेलीच राहिले.

हिरव्या बॅगेचा उजवा पट्टा कधीतरी उखडला होता आणि कुणीतरी तो हातानं परत शिवला होता. चौकट. चौकटीत फुली. आणि डाव्या वरच्या कोपऱ्यात, बाहेर, गाठ.

क्षणभर वाटलं, आपल्याच दुकानात उभी आहे. चष्मा पुसला, परत बघितलं. टाके माझे नव्हते. माझे जास्त जवळ असतात. पण गाठ माझी होती. अशी चूक साऱ्या जगात मी एकटी करते, अशी माझी समजूत होती.

"अहो," मी ह्यांना हाक मारली. आवाज भलताच निघाला असणार, कारण हे चपला न घालता धावत आले.

तेवढ्यात भिंगरी चादरी घेऊन दारात आली आणि ती उंच मुलगी ओरडलीच. दोघी गळ्यात गळे घालून उड्या मारायला लागल्या. मग त्या मुलीनं पट्टा उचलून भिंगरीला दाखवला, त्याला दोन्ही हातांनी हिसके दिले आणि हसली. भाषा कळायची गरजच नव्हती. 'बघ, अजून घट्ट आहे' हे कुठल्याही भाषेत तसंच दिसतं.

"काकू, तुम्हाला सांगितलं नाही का हिनं?" चष्मिस वरच्या पलंगावरून म्हणाली. "ही सगळीकडे हेच करत होती. दुसऱ्याच महिन्यात लंबूच्या महागड्या बॅगेचा पट्टा भर रस्त्यात तुटला. हिनं पदपथावर बसून शिवला. मग जो भेटेल त्याची बॅग हिच्यापुढे. या ताईची बस स्टँडवर शिवली, बस सुटायला वीस मिनिटं असताना."

"हिला टाके घालता येतात?" मी विचारलं. भिंगरीला नाही, चष्मिसला.

"आई," भिंगरी म्हणाली, "जन्मभर तुझ्या टेबलाखाली बसले होते. खालून दुसरं काय दिसायचं? तुझे हातच दिसायचे."

"पण तू उजवी आहेस. गाठ आत घालायची असते."

"असते का? मला काय माहीत. तू बाहेर घालतेस."

चांगलं शिकवायला गेले तेव्हा शिकली नाही आणि न शिकवता चुकीसकट सगळं उचललं. नऊ दिवसांचं कुलूप तिथंच गळून पडलं.

"मग माझी बॅग कुठाय?" मी विचारलं. "तुटली ना? खरं सांग."

भिंगरीनं मैत्रिणींकडे बघितलं. त्या दोघी एकदम खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"परवा सांगते," ती म्हणाली.

"आत्ता सांग."

"आई, परवा. एवढं ऐक माझं."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण समोरच्या बॅगेवर ती गाठ होती. तिच्याकडे बघत मी दोन दिवस काढले.

परवाच्या दिवशी सकाळी तिनं आम्हाला एका लांबलचक रस्त्यावर नेलं. दोन्ही बाजूंना खिळे, कुलपं, साखळ्या, दोरखंड विकणारी दुकानं. त्यातल्या एका बोळाच्या टोकाला पत्र्याचं मोठं दार होतं. दार उघडलं आणि मला आधी वास आला. मशिनचं तेल, नवं कापड, तापलेली इस्त्री. हा वास मी डोळे मिटूनही ओळखीन. आत सोळा मशिनं चालू होती. गळ्यात टेप टाकलेला एक पिकल्या केसांचा माणूस लगबगीनं पुढे आला.

त्याच्या मागे भिंतीवर एकच खुंटी होती. खुंटीवर माझी राखी बॅग.

मी तडक गेले आणि ती खाली घेतली. अख्खी होती. पट्टे, जाळी, चेन, सगळं जागच्या जागी. फक्त डाव्या पट्ट्याच्या चौकटीपाशी कापडावर बारीक खरवडल्याच्या खुणा होत्या.

"हे कुणी केलं?"

"त्यांनी," भिंगरी म्हणाली. "आई, आधी ऐक. हे इथले मालक. ह्यांच्या बॅगांचे पट्टे नेमके या जोडापाशीच उखडायचे. महिन्यामागे मी दोरा घ्यायला इथं आले, तर हे माझी पाठ सोडेनात. पट्टा आत कसा बसवलाय ते त्यांना बघायचं होतं, म्हणून उसवायला घेतला. दोन पाती मोडली. उसवलाच नाही. मग म्हणाले, अख्खी ठेवून जा, बाहेरूनच मापं घेतो. बदल्यात वापरायला ही निळी दिली. मी म्हटलं ठेवते, पण महिन्यानं जिनं शिवलीय तिला घेऊन येईन. काय विचारायचं ते तिलाच विचारा."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर माझ्या बॅगेला पातं लावलं म्हणून तू विमानतळावरून थेट इथं भांडायला आली असतीस."

हे "खरंय" म्हणाले. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, तेवढं पुरलं.

त्या मालकानं एक नवीकोरी बॅग टेबलावर ठेवली. कापड वेगळं, रंग वेगळा, पण बेत माझा. मी पट्टा उलटून बघितला. चौकट, फुली आणि डाव्या कोपऱ्यात, बाहेर, गाठ. तो बोटानं गाठ दाखवत काहीतरी विचारत होता.

"ते विचारतायत," भिंगरी म्हणाली, "गाठ बाहेर का? त्यांना वाटतंय, सगळी ताकद तिच्यातच आहे."

थाप मारता आली असती. सोळा माणसं कान टवकारून बसली होती. पण मास्तर आठवले.

"त्यांना सांग, ती चूक आहे. मी डावखुरी, म्हणून बाहेर येते. ताकद मेणात आहे आणि टाका आवळण्यात आहे. गाठ आत घाला."

भिंगरीनं सांगितलं. मालक मोठ्यानं हसला आणि मागे वळून सगळ्यांना काहीतरी म्हणाला. सगळेच हसले.

"म्हणतात, आता उशीर झाला. सगळ्यांच्या हातात तशीच बसलीय."

मग भिंगरी माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या सोळा जणांना काहीतरी म्हणाली. एकेक मशिन थांबलं. एक बाई उठून उभी राहिली, मग तिच्या शेजारचा, मग सगळेच.

"काय सांगितलंस त्यांना?"

"काही नवीन नाही. प्रत्येक हॉस्टेलच्या कागदावर लिहीत आले, तेच."

"म्हणजे काय?"

"काम, बॅगा बनवते," ती म्हणाली. "कॉलेजच्या फॉर्मवर चुकीचं लिहिलं होतं, आई. तू वाचलं होतंस, ते मला माहीत होतं."

डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत. हे तर उघड उघड नाक पुसत होते.

मालकानं स्वतःची खुर्ची ओढून दिली आणि अर्धवट जोडलेला एक पट्टा पुढे केला. मी दोऱ्याला मेण लावलं, सुई डाव्या हातात घेतली. माणसं भोवती दाटीनं उभी राहिली. भिंगरी समोर उकिडवी बसली, लहानपणी बसायची तशी, आणि माझ्या हातांकडे बघत राहिली. चौकट झाली, फुली झाली. शेवटच्या टाक्याला पट्टा उलटा करून गाठ आत घालता आली असती. एवढं मला आता येतं.

मी ती बाहेरच घातली.