मेलेल्या बाईचं काम

आमच्या खून पथकात मी सगळ्यात बुटका, म्हणून बाईचा खून झाला की प्रेताचं काम माझ्याच गळ्यात पडायचं. बुसानमध्ये तेव्हा रीतच होती. आरोपीने कबुली दिली की त्याला दोरीने बांधून त्याच जागी न्यायचं आणि चार लोकांदेखत सगळं पुन्हा करून दाखवायला लावायचं.

त्या दिवशी मी ओकबून झालो होतो. बंदरामागच्या गल्लीत तिची सुपाची खानावळ होती. तिथेच तिच्या एप्रनच्या नाडीने कुणीतरी तिचा गळा आवळला होता. कबुली दिली होती जाळी विणणाऱ्या प्यो सामदोकने. दिली कसली, आमच्या पथकाच्या प्रमुखांनी, मा साहेबांनी काढली, नाकात मिरचीचं पाणी ओतून आणि बरगड्या मोडून.

मला ती पटली नव्हती. ओकबूनच्या पाठीवर, खांद्यांच्या मधोमध, मुठीएवढा काळानिळा डाग होता. मी तो साहेबांना दाखवला.

"चुलीवर आपटली असेल," ते म्हणाले. "कबुली आहे ना हातात? मग नसतं उकरत बसू नकोस."

माणूस फासावर जाणार होता आणि माझ्याकडे त्या डागाशिवाय काही नव्हतं.

खानावळीच्या दारात गल्ली लोटली होती. सामदोकने माझ्या गळ्यात नाडी घातली.

"कशी आवळलीस?" साहेबांनी विचारलं.

"समोरून. तुम्ही सांगितलंत तशीच, साहेब."

लोक हसले. साहेबांनी त्याला अशी थोबाडीत दिली की तो भेलकांडला. मग म्हणाले, "चल, प्रेत, पड खाली." मी पडलो.

तेवढ्यात ओकबूनचा नवरा ताक गीजुन रडत गर्दीतून आत घुसला. "माझी बायको खाल्लीस, हरामखोरा," म्हणत त्याने सामदोकला बांधलेल्या दोरीचं टोक धरलं, मागून त्याच्या गळ्याभोवती टाकलं, मुठीला वेढा दिला, पाठीत गुडघा रोवला आणि ओढलं. कुठे अडखळला नाही की चाचपडला नाही. रोजचं पोतं बांधावं तसं सगळं एका झटक्यात.

"सोडू नकोस रे बाबा," एक मासेवाली म्हणाली.

साहेबांनी सिगारेट पेटवली. "होऊ दे त्याचा जीव थंड. मग सोडवू."

सामदोकची जीभ बाहेर आली होती. मी जमिनीवरून पाहत होतो तो गुडघा. अगदी त्या डागाच्याच जागी होता.

उठलो, चुलीजवळची लोखंडी पळी घेतली आणि गीजुनच्या कोपरावर घातली. हाड मोडल्याचा आवाज आला, तरी त्याची मूठ सुटेना.

"साहेब, गुडघा बघा," मी ओरडलो. "कुठे आहे बघा."

ओकबूनचं प्रेत साहेबांनीही पाहिलं होतं. गीजुननेही खाली स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि त्याचं रडणं एकदम बंद झालं. दुसरा घाव मी नाकावर घातला, तेव्हा दोरी सुटली.

साहेबांनी सिगारेट फेकली, गीजुनचे केस धरले आणि त्याचं तोंड चुलीच्या कडेवर आपटलं. दात सांडले. "आता तू बोलशील," ते म्हणाले.

"साहेब, आधी विचारा तरी त्याला."

त्यांनी पुन्हा आपटलं. मला त्यांची किळस आली.

सामदोक खोकत, रांगत आला आणि त्याने साहेबांची पँट धरली.

"चुकलो, साहेब. गुडघा राहिला माझा. आता बरोबर करतो, मारू नका." मग तो माझ्याकडे वळला. "तुम्ही जरा पाठ करता का इकडे?"