कॉस्मासची ठासणीची बंदूक

गोपीनाथ मिस्त्रीने बंदुकीचा नवा घोडा मागे ओढून हळूच सोडला, बंदूक तेलाच्या फडक्यात गुंडाळली आणि पुन्हा कपाटात ठेवली. कुलूप लावलं. समोर बसलेल्या जोसेफिनबाईंनी पुढे केलेले हात मागे घेतले.

"मिस्त्री, बंदूक माजी हाय ना?"

"तुमचीच. कॉस्मासच्या मागे दुसऱ्या कुणाची असणार?"

"मंग मना दे."

"देता येत नाही, बाई. परवाना कॉस्मासच्या नावाचा होता, तो त्याच्याबरोबर संपला. बिनपरवान्याच्या हातात दिली तर दुकानाला टाळं आणि मला तुरुंग. चौकीत जमा करावी लागेल."

"चौकीत ठेवली तरी माजीच?"

"तुमचीच."

"मंग माज्या घरान का नको?"

गोपीनाथने भिंतीकडे बोट दाखवलं. हत्यारं विकायचा, दुरुस्त करायचा सरकारी परवाना त्याच्या ठाण्याच्या दुकानात भिंतीवर टांगलेला होता. हत्यारांचा कायदा येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. त्याआधीचे दिवस काय सांगावेत! खाडीपलीकडून कॉस्मास होडीने यायचा, छत्री ठेवावी तशी बंदूक कोपऱ्यात टेकवायचा, ताडगोळे पुढ्यात ओतायचा आणि शेतात मारलेलं रानडुक्कर दर वेळी थोडं मोठं करून सांगायचा. कधी कुणी कागद मागितला नाही.

"रविवारी आमच्या धाकट्या पोरीचं, उर्सुलाचं उंबराचं पानी हाय," जोसेफिनबाई म्हणाल्या.

गोपीनाथला ठाऊक होतं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या न्हाणाचं पाणी आणायला सगळा पाडा मातीचा, कातडं ताणलेला घुमट वाजवत विहिरीवर जायचा. तिथे घुमट थांबायचा, नवरीचा बाप हवेत दोन बार काढायचा, मगच घागर पाण्यात जायची. थोरल्या लेकीच्या वेळी गोपीनाथ तिथे हजर होता. पहिला बार पोरीचा, दुसरा पोरीच्या आईचा, असं कॉस्मास ओरडून सांगत होता आणि जोसेफिनबाई पदराआड हसत होत्या. किती हसल्या होत्या त्या दिवशी!

"दोन बार काडून परत आनून देईन."

"नाही जमायचं, बाई."

"घाबरट झालास रे मिस्त्री." त्या उठल्या. "तुज्या पोरीचं लगीन आसतं तर तू आसा बसला नसतास."

गोपीनाथला ते फार लागलं. त्या होडीकडे गेल्यावरही बराच वेळ तो कपाटाकडे तोंड करून उभा होता.

रविवारी संध्याकाळी दौलत हवालदार बंदूक ताब्यात घ्यायला आला, तो कुरकुरतच.

"आजच बोलावलंस होय? उद्या काय खाडी आटणार होती?"

"दुरुस्त केलेली बंदूक वाजवून बघितल्याशिवाय मी दुकानाबाहेर जाऊ देत नाही, हवालदार. वडलांपासूनची रीत. परवान्यात तशी मुभाही आहे. चला, मागच्या धक्क्यावर."

धक्क्यावर गोपीनाथने नळीत दारू ओतली आणि कागदाचा बोळा गजाने ठासला. गोळी घातली नाही. मग नुसताच उभा राहिला. पलीकडच्या काठावरून घुमटाचा आवाज येत होता.

"वाजव ना बाबा."

"थांबा जरा."

घुमट थांबला. गोपीनाथने घोड्याखाली ठिणगीची तांब्याची टोपी बसवली, नळी आभाळाकडे केली आणि चाप ओढला. पाण्यावरून आवाज पार पलीकडे गेला. चिखलातले बगळे उडाले.

"चांगली वाजते की. आण इकडे." दौलतने हात पुढे केला.

पलीकडे अजून शांतच होतं. गोपीनाथने बंदूक दिली नाही. तो पुन्हा दारू ओतायला लागला.

"आता हे कशाला?"

"पहिल्याने खात्री पटली नाही."

दौलतने त्याच्याकडे पाहिलं, मग खाडीपलीकडे पाहिलं. पायरीवर बसून त्याने पगडी काढून मांडीवर ठेवली.

"मग नीट ठास," तो म्हणाला. "मला काही घाई नाही."

दुसरा बार निघाला. धूर गेला डोळ्यांत, असं गोपीनाथ दौलतला सांगत होता, तेवढ्यात पलीकडे घुमट पुन्हा वाजायला लागला.