झेंडूआडच्या मिशा

कपिलच्या लग्नपत्रिकेचा छापील नमुना हाती आला आणि कोकिळाबाईच्या मनात पाल चुकचुकली. पोरानं मोबाइलवर हीच पत्रिका दाखवली, तेव्हा गणपतीमागं निव्वळ झेंडूची फुलं होती. कागदावर मात्र त्या फुलांआडून कोणाच्या तरी मिशा डोकावत होत्या.

"शाई पसरली असंन, माय," कपिल म्हणाला आणि जेवण अर्धवट टाकून उठला.

शाई बरी मिशांसारखीच पसरते! बाईनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मिशा ओळखीच्या होत्या. बबनरावाच्या. तिचा हा नवरा कपिल शाळेत जायच्या आधीच पुसदला दुसरं घर मांडून बसला होता. ना फारकत दिली, ना तोंड दाखवलं. त्याची सावलीही मांडवात नको, असं तिनं पोराला बजावलं होतं. मग पोरगा बापाला चोरून बोलावतो की काय? रक्त शेवटी रक्ताकडेच धावतं मेलं. सकाळी तिनं कोणाला न सांगता दिग्रसची एसटी धरली.

छपाईच्या दुकानात समीक्षा नावाची पोरगी कॉम्प्युटरवर पत्रिका मांडत बसायची.

"फुलाईच्या मागं कोण हाय, दाखव मले."

समीक्षानं आधी का-कू केलं. मग म्हणाली, "काकू, खाली फोटो आहे, वर फुलं. दोघाईचे रंग एकमेकात मिसळवले, अन फोटो पार विरवून टाकला. स्क्रीनवर दिसतच नव्हता. शाईत जरा गडद उठला. कपिलनंच सांगतलं, सोयऱ्याईले दाखवला तर दिसला पाहिजे, मायच्या चष्म्यातून दिसू नये."

समोरच कपिलचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मायला पाहून तो धावतच आला.

"बोलावलं तू त्याले?"

"नाही माय. तुही आन."

"मंग फोटो कायले?"

कपिलची नजर भिंतीकडं गेली. तिथं दुसऱ्या कोणाची पत्रिका चिकटवलेली होती. नवरा-नवरी ठळक, आणि वर आजा-आजी धुरासारखे फिके. आपल्याकडं गेलेल्या माणसांचे फोटो आशीर्वादासाठी असेच फिके टाकतात. जित्या माणसाला कोणी फिकं करत नाही. कोकिळाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"उमरखेडच्या सोयऱ्याईले काय सांगतलं तू?"

"बाबा वारले म्हून."

घ्या! ही समजत होती पोरगा बापाला घरात घेतो, आणि पठ्ठ्यानं तर त्याला जाळूनच टाकला होता. क्षणभर तिला बरंही वाटलं. मग तिचा हात आपसूक कपाळाकडं गेला.

"अन मंग मी कोण रे? हे कुंकू कोणाचं?"

"टाकलेल्या बाईच्या पोराले पोरगी देत नाहीत माय ते."

तिला राग आला. त्याहून जास्त लाज वाटली, आणि लाज आपल्याला काहून वाटावी, याचा पुन्हा राग आला. इतकी वर्षं दुसऱ्याच्या वावरात निंदण करून वाढवलेलं पोर, तेच आईला झाकायला निघालं होतं.

"काढ पोरी थो फोटो," ती समीक्षाला म्हणाली. "अन तू फोन लाव पोरीच्या बापाले."

"लगन मोडंल माय."

"लाव म्हणते ना."

कपिलनं नंबर लावला. पलीकडून "बोला जावईबापू" ऐकू आलं, तसा बाईनं फोन त्याच्या हातातून घेतला.

"मी कपिलची माय बोलून राह्यली. याचा बाप जित्ता हाय, मले टाकून गेला. आता सांगा दादा, हळद दळू का नको?"